बाइकची चेन घरच्या घरी: सफाई, ताण आणि ऑइल

घरी गाडीचं काम शिकायचं म्हटलं की लोक थेट इंजिन ऑइल बदलायला निघतात. नवशिक्यानं खरं तर चेनपासून सुरुवात करावी. ऑइल वर्षातून दोन-तीनदा बदलावं लागतं; चेनला मात्र साधारण दर ५०० किलोमीटरला हात लावावा लागतो, आणि पावसाळ्यात चिखलातून गाडी गेली की त्याही आधी. पाना कसा धरायचा, नट किती आवळायचा, हे अंगवळणी पडायला हे काम चांगलं. इथे १०० ते १२५ सीसीची, रोज कामावर न्यायची गाडी धरली आहे.

सामान फारसं नाही. थोडं रॉकेल किंवा डिझेल, जुना टूथब्रश, चिंध्या, फूटपट्टी, गाडीसोबत आलेले पाने आणि ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन लूबचा स्प्रे. पेट्रोलनं चेन धुऊ नका. आगीची भीती आहेच, शिवाय ओ-रिंगची (कड्यांच्या सांध्यांत रबरी रिंगा असलेली) चेन असेल तर आतलं रबर खराब होतं.

गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला लावा, न्यूट्रल करा, चावी काढून खिशात टाका. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनवर चिंधी धरणारे लोक तुम्ही पाहिले असतील. चिंधी स्प्रॉकेटमध्ये (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्रात) ओढली गेली की तिच्यामागे बोट जातं. मागचं चाक हातानंच फिरवायचं, तेही उलट्या दिशेनं. मग खालच्या बाजूची चेन मागच्या स्प्रॉकेटपासून दूर जाते आणि हात दातांत ओढला जात नाही.

चेन कव्हर असेल तर त्याचे स्क्रू काढून एका वाटीत ठेवा. रॉकेलात बुडवलेल्या ब्रशनं चेन चारही बाजूंनी घासा. आतल्या बाजूला सगळ्यात जास्त काळा थर असतो आणि तोच राहून जातो. टायरवर किंवा ब्रेकवर रॉकेल उडू देऊ नका. मग कोरड्या चिंधीनं पुसून थोडा वेळ वाळू द्या. उरलेलं काळं रॉकेल मोरीत ओतू नका, बाटलीत भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

आता ताण. खालच्या चेनच्या बरोबर मध्यावर बोटानं वर-खाली हलवून पाहा आणि ती सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली जाते त्या दोन जागांमधलं अंतर फूटपट्टीनं मोजा. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर खेळ, म्हणजे हलण्याची मोकळीक, लागतो. नेमका आकडा, आणि तो मेन स्टँडवर मोजायचा की साइड स्टँडवर, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. सगळ्यात टाइट जागा सापडली की तिथलंच माप धरायचं.

चेन खडखडली की "टाइट करून द्या" म्हणायची आपल्याला सवय आहे. पण गाडीवर माणूस बसला, मागे डबलसीट आलं, की सस्पेन्शन दबतं, दोन्ही स्प्रॉकेटमधलं अंतर थोडं वाढतं आणि चेन आणखी ताणली जाते. आधीच ताठ असलेल्या चेनचा भार मग गिअरबॉक्सच्या आणि चाकाच्या बेअरिंगवर येतो. म्हणून २० ते ३०चा आकडा असेल तर मी २५च्या पुढेच ठेवतो. अर्थात फार ढिली चेन स्प्रॉकेटवरून उतरू शकते, तेव्हा ३०ची हद्द ओलांडायची नाही.

ताण बदलायचा तर आधी मागच्या चाकाचा एक्सल नट (चाकाच्या मधल्या दांड्याचा मोठा नट) ढिला करा. पूर्ण काढू नका. मग दोन्ही बाजूंचे लॉकनट (पकड पक्की ठेवणारे नट) सोडून चाक मागे-पुढे सरकवणारे अ‍ॅडजस्टर पाव-पाव फेरा फिरवा. डावीकडे जितका, उजवीकडे तितकाच. चिमट्यावर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांवर, दोन्ही बाजूंना खुणा कोरलेल्या असतात. दोन्हीकडे अ‍ॅडजस्टर त्याच खुणेवर हवा, नाहीतर चाक तिरकं बसतं. एक्सल नट घट्ट करा आणि माप पुन्हा घ्या. आवळताना ते हमखास थोडं बदलतं, आणि नवशिक्यांना दोन-तीनदा तरी हेच करावं लागतं. जमलं की लॉकनट आवळा.

ऑइल शेवटी द्या, नाहीतर मोजताना हात बरबटतात. खालच्या चेनच्या आतल्या बाजूवर, चाक फिरवत, थेंब थेंब सोडा. चेन फिरताना तेल बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, म्हणून आतून दिलेलं कड्यांमध्ये मुरतं. अर्ध्या तासानं वरचं जास्तीचं पुसून टाका. ओल्या तेलावर धूळ बसून पुन्हा तोच काळा थर होतो. इंजिनमधून काढलेलं जुनं ऑइल तर मुळीच नको, त्यात कार्बन आणि धातूचा चुरा असतो.

चाक मागे सरकलं की ड्रम ब्रेकचा रॉड ताणला जातो. म्हणून निघण्याआधी मागच्या ब्रेकच्या पॅडलचा खेळ तपासा, चाक मोकळं फिरतंय ना बघा, ब्रेक लाइट पाय ठेवल्यावरच लागतोय ना तेही. गल्लीत एक चक्कर मारून एक्सल नट पुन्हा एकदा पान्यानं चाचपा.

अ‍ॅडजस्टर शेवटच्या खुणेपर्यंत आला असेल, किंवा मागच्या स्प्रॉकेटचे दात करवतीसारखे टोकदार होऊन एका बाजूला झुकले असतील, तर ताण देत बसू नका. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट असा पूर्ण सेटच बदलावा लागतो. नुसती नवी चेन झिजलेल्या दातांवर लवकर खराब होते. पहिल्यांदा हे काम गॅरेजमध्ये करून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा. चेनची दोन टोकं जोडणाऱ्या चेन लॉकच्या क्लिपची बंद बाजू चेन फिरण्याच्या दिशेला बसवली आहे ना, तेवढं तिथेच पाहून घ्या.