पिंपरी ते चाकण : मोटारनिर्मितीचा इतिहास कसा लिहावा

पुणे परिसरातील मोटारनिर्मितीचा इतिहास लिहायला घेताना थेट टाटा इंडिकापासून सुरुवात करण्याचा मोह टाळावा. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवड-भोसरी पट्ट्यात कारखान्यांना आखीव भूखंड मिळू लागले. म्हणून सर्वप्रथम महामंडळाचे भूखंड-नकाशे पाहावेत. मोठ्या कारखान्याभोवती सुटे भाग पुरवणारे लघुउद्योग कसे वसत गेले, हे त्यांवरून जेवढे समजते तेवढे कंपन्यांच्या स्मरणिकांतून समजत नाही.

त्यानंतर कोणत्या कारखान्यात काय आणि कोणत्या क्रमाने तयार होत गेले, ते नोंदवावे. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, १९६६ मध्ये पुण्यात आली. येथे आधी यंत्रे व साचे घडवण्याची क्षमता उभी राहिली, मग मालमोटारी बनू लागल्या आणि १९९१ ची सिएरा व १९९४ ची सुमो हे टप्पे पार करून कंपनी इंडिकापर्यंत पोहोचली. हा क्रम स्पष्ट झाला, तरच इंडिकासाठी निसान या जपानी कंपनीचा ऑस्ट्रेलियातील बंद कारखाना सुटा करून पुण्यात आणण्याचे धाडस तिला कसे पेलले, याचा उलगडा होतो. सर्वाधिक पाने याच भागाला द्यावीत, असे माझे मत आहे.

तारखा देताना प्रदर्शन, उत्पादन आणि विक्री यांची सरमिसळ करू नये. इंडिका जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात दिसली, पण बाजारात आली ती डिसेंबरअखेरीस. मर्सिडीजच्या बाबतीतही १९९५ मध्ये टेल्कोच्या आवारात सुरू झालेली जुळणी आणि २००९ चा चाकणचा स्वतंत्र कारखाना हे दोन वेगळे टप्पे आहेत. फोक्सवॅगनचा चाकण प्रकल्पही २००९ चाच. कारखाने बंद पडल्याच्या नोंदीही घ्याव्यात : जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि २०२० अखेर तेथील उत्पादन थांबले.

कामगारांची बाजू वेतन करार, संघटनांची पत्रके आणि त्या काळची वृत्तपत्रे यांतून उभी करावी; १९८९ चा टेल्कोतील संघर्ष व शनिवारवाड्यावरील उपोषण यांसाठी व्यवस्थापनाचे निवेदनही सोबत वाचावे. निवृत्त कामगारांना नुसते ‘आठवणी सांगा’ म्हणू नये. खाते कोणते होते, पाळी कोणती होती, नवे यंत्र आल्यावर किती माणसे दुसरीकडे हलवली, असे नेमके विचारावे आणि मिळालेले उत्तर त्याच खात्यातील दुसऱ्या कामगाराकडून पडताळून घ्यावे.