घरगुती अॅक्वापोनिक्स: मासे सोडण्याआधीचा महिना

अॅक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतले पाणी खडीच्या वाफ्यांतून फिरवून त्यावर भाजी वाढवणे. पावसाळा ओसरतानाचा काळ घरगुती अॅक्वापोनिक्स सुरू करण्यास वर्षातला सर्वांत सोयीचा आहे. भाद्रपद-आश्विनात पाण्याचे तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते, पावसाळ्यात तयार झालेली मत्स्यबीजाची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) याच सुमारास विक्रीला येते आणि पुढे थंडीत पालक, मेथी, कोथिंबीर, लेट्यूस यांची वाढ उत्तम होते. मात्र ही सोय ज्यांना साधायची आहे त्यांनी टाकी आणि मासे एकाच दिवशी आणू नयेत. अनंत चतुर्दशीच्या सुमारास पाणी फिरवायला सुरुवात करावी आणि मासे कोजागरीनंतर सोडावेत, हा या सल्ल्याचा गाभा आहे. पितृपक्षात नवे काम नको असे ज्यांच्या घरी मानतात, त्यांनी चतुर्दशीच्या चार दिवस आधीच टाकी भरून घ्यावी. त्या पंधरवड्यात तसेही पाहत राहण्यापलीकडे फारसे काही करायचे नसते.

माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून पाण्यात अमोनिया उतरतो आणि तो माशांनाच विषारी असतो. खडीवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही माशांना घातक असते, नायट्रेट मात्र पिकाचे अन्न होते. हे जिवाणू सावकाश वाढतात. त्यांना पुरेशा संख्येने स्थिरावण्यास तीन ते सहा आठवडे लागतात. प्रस्तुत लेखकाने पहिल्या वर्षी ही गोष्ट वाचली होती, पण मनावर घेतली नव्हती. कूपनलिकेचे पाणी भरून दुसऱ्याच दिवशी सायप्रिनसची (कॉमन कार्प माशाची) तीस बोटुकली सोडली. नवव्या दिवशी सकाळी ती सगळी पाणी पडते त्या नळाखाली तोंडे वर करून गोळा झाली होती आणि दुपारपर्यंत बावीस मेली. दोष बीज देणाऱ्याला दिला. अमोनियाच्या चाचणीच्या नळीतले पाणी पिवळे राहण्याऐवजी गर्द हिरवे झाले तेव्हा दोष कोणाचा ते कळले.

जागा ठरवताना वजनाचा हिशेब आधी करावा. राबत्या गच्चीचा स्लॅब सामान्यतः दर चौरस मीटरला १५० किलो चल भार (माणसे आणि सामान यांचा) गृहीत धरून बांधलेला असतो, तर एक फूट खोल खडीचा कोरडा वाफाच दर चौरस मीटरला साडेचारशे किलोंच्या पुढे जातो आणि ५०० लिटरची भरलेली टाकी एकटीच अर्धा टन होते. म्हणून परसात किंवा अंगणात जागा असेल तर गच्चीचा विचार करू नये, आणि गच्चीशिवाय पर्याय नसेल तर बांधकाम अभियंत्याला दाखवल्याशिवाय पहिले घमेलेही वर नेऊ नये.

नवशिक्यासाठी ५०० लिटरची टाकी आणि प्रत्येकी सुमारे ०.८ चौरस मीटरचे, एक फूट खोलीचे दोन वाफे पुरेसे होतात. टाकीतले सगळे पाणी तासाला एकदा फिरेल असा पंप घ्यावा आणि त्याच्याबरोबर हवेचा वेगळा पंप ठेवावा. येथे एक चूक हमखास होते: दोन्ही वाफे एकाच वेळी भरले तर खडीच्या फटींत दीडशे लिटरांहून अधिक पाणी जाते, टाकी अचानक खाली जाते आणि मासे घाबरून उड्या मारतात. वाफे आळीपाळीने भरतील अशी व्यवस्था करावी. घंटा सायफन, म्हणजे वाफा भरला की पाणी आपोआप ओढून टाकीत सोडणारी नळी, जमला तर उत्तमच. पाण्याचा प्रवाह कमी असेल तर तो ओढ धरत नाही आणि जास्त असेल तर ओढ सोडत नाही, आणि बहुतेकांचे दोन रविवार त्यातच जातात. ज्यांना ही हौस नाही त्यांनी पंधरा मिनिटे चालू आणि पंचेचाळीस मिनिटे बंद असा टायमर लावावा; पिकाला त्यात काही फरक पडत नाही.

वाफ्यात घालायची खडी १० ते २० मिलिमीटरची काळ्या दगडाची असावी. मूठभर खडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकून पाहावा. बुडबुडे आले तर तिच्यात चुनखडी मिसळलेली आहे आणि ती पाण्याचा सामू (पीएच) सतत वर ढकलत राहील. खडी धुताना पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावी. नळाचे पाणी वापरणार असाल तर क्लोरीन उडून जाण्यासाठी हवेचा पंप चालू ठेवून ते दोन दिवस तसेच राहू द्यावे. जो क्लोरीन पिण्याच्या पाण्यातले जंतू मारतो तो आपल्याला हवे असलेले जिवाणूही मारतो.

आता माशांविनाचा महिना. जिवाणूंना खाऊ म्हणून पाण्यात थोडा अमोनिया द्यावा लागतो. त्यासाठी नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, सोयीचा आहे. मात्र कल्हईसाठी मिळणारा ओबडधोबड खडा न घेता प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानातील शुद्ध पूड घ्यावी. ५०० लिटर पाण्यात सुमारे ४ ग्रॅम पूड विरघळवली की अमोनियाचे प्रमाण लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास येते. ओळखीच्या कोणाकडे बरेच दिवस चाललेली, निरोगी माशांची टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंज आणून आपल्या वाफ्यात पिळावा. त्याने आठ-दहा दिवस सहज वाचतात. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि सामू यांची थेंबांची चाचणी पेटी याच वेळी घ्यावी आणि एक दिवसाआड आकडे वहीत लिहावेत. आधी अमोनिया उतरू लागतो, त्यानंतर नायट्राइट चढते आणि चाचणीची नळी जांभळी होते. ही जांभळी अवस्था दोन-दोन आठवडे हलत नाही आणि बहुतेकांचा धीर येथेच सुटतो. घातलेली ४ ग्रॅम पूड चोवीस तासांत पूर्ण संपून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, आणि हे सलग दोन-तीन वेळा झाले, की टाकी तयार झाली असे समजावे.

काही शेतकरी बंधू या काळात जीवामृत किंवा शेणाची रबडी घालून काम लवकर होईल असे मानतात. जमिनीत त्याचा उपयोग आहे. माशांच्या टाकीत ते पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते आणि कच्च्या खायच्या पालेभाजीवर रोगजंतू नेते. ते येथे कदापि घालू नये.

मासे किती सोडावेत हे टाकीच्या आकाराइतकेच वाफ्याच्या आकारावरून ठरवावे. पालेभाज्यांच्या दर चौरस मीटर वाफ्यामागे दिवसाला ४० ते ५० ग्रॅम मत्स्यखाद्य हा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सुचवलेला मेळ आहे. आपल्या १.६ चौरस मीटर वाफ्यांना त्या हिशेबाने ६४ ते ८० ग्रॅम खाद्य लागते आणि ते खाण्यास प्रत्येकी दोनशे ग्रॅमचे वीस मासे पुरतात. तेव्हा बोटुकली वीसच आणावीत, शंभर नव्हेत. ती लहान असताना दिवसाला दहा ग्रॅमच खाद्य जाते, म्हणून सुरुवातीस वाफ्याचा चतुर्थांश भागच लावावा. दोन्ही वाफे पहिल्याच आठवड्यात भरून टाकले की रोपे पिवळी पडतात आणि मग खत घालण्याचा मोह होतो.

सायप्रिनस किंवा गोल्डफिश हे नवशिक्याला सांभाळून घेणारे मासे आहेत. कटला लहान टाकीत रमत नाही. चिलापी (तिलापिया) काटक आहे, पण तिचे पालन परवानगीच्या चौकटीत येते आणि ती ओढ्या-नदीत कधीही सोडू नये. थाई मांगूर या नावाने विकल्या जाणाऱ्या आफ्रिकी मांगुरावर देशात २००० सालापासून बंदी आहे. पिशवी आणल्यावर ती वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, मग पेला-पेला पाणी पिशवीत मिसळत अर्ध्या तासाने मासे सोडावेत.

मासे सोडल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात मासे वर येऊन धापा टाकताना दिसले तर खाद्य ताबडतोब बंद करून चाचणी घ्यावी. अमोनिया वाढलेला असल्यास, क्लोरीन उडालेल्या पाण्याने तिसरा हिस्सा पाणी बदलावे. सामू ७ वरून ८ झाला की अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो, त्यामुळे एकच आकडा एकाच्या टाकीत निभावतो आणि दुसऱ्याच्या टाकीत मासे मारतो. नायट्राइट चढले असेल तर लिटरला एक ग्रॅमपर्यंत साधे, आयोडीन नसलेले मीठ थोडे थोडे करून द्यावे. त्यातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही. वाफ्यात स्ट्रॉबेरी असेल तर मिठाऐवजी पाणी बदलण्यावरच भर द्यावा. पहाटे धापा आणि चाचणी मात्र स्वच्छ, असे असेल तर प्राणवायू कमी पडतो आहे. वीज गेल्यावर बादलीने पाणी उंचावरून टाकीत ओतत राहणे हा तात्पुरता उपाय होतो. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप जवळ असणे हा खरा.

दख्खनच्या पठारावरील कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते आणि सामू ८ च्या आसपास राहतो. अशा पाण्यात रोपांची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात. ही लोहाची कमतरता आहे. त्यासाठी ईडीटीए प्रकारचे चिलेटेड (पाण्यात विरघळलेले राहणारे) लोह येथे कामाचे नाही, कारण ते या सामूत टिकत नाही. ६ टक्के लोह असलेले ईडीडीएचए ५०० लिटरला १५ ग्रॅमच्या आसपास द्यावे. पाणी लालसर होते, त्याची काळजी नको. पागोळीचे पाणी पिंपात साठवून नव्या भरतीत निम्मे मिसळले तर मुळावरच इलाज होतो. कोकणात जांभ्याच्या विहिरींवर नेमके उलटे घडते: पाणी मऊ असते, सामू काही आठवड्यांत ६ च्या खाली घसरतो आणि जिवाणू थंडावतात. तेथे धुतलेल्या शिंपल्यांची पोटली टाकीत टांगावी, सामू साडेसहाच्या वर आला की काढून ठेवावी.

मावा दिसल्यास पाण्याचा जोरदार फवारा आणि पिवळे चिकट सापळे यांवरच भागवावे. कीटकनाशक, साबणाचे पाणी, निमतेल किंवा मोरचूद असलेले काहीही फवारू नये, कारण वाफ्यावर पडलेला प्रत्येक थेंब माशांपर्यंत जातो. डेंग्यूचे डास याच दिवसांत वाढत असल्याने टाकीवर जाळी असावी आणि वाफ्यातले पाणी खडीच्या पृष्ठभागापासून दोन बोटे खालीच राहावे.

मार्गशीर्षात पाणी २० अंशांखाली गेले की खाद्य निम्मे करावे आणि १५ अंशांखाली बंद करावे. मासे खाण्यास वर येत नसताना टाकलेले दाणे तळाशी कुजतात आणि महिनाभर जपलेला मेळ आठवड्यात बिघडतो. रात्री टाकीभोवती गोणपाट गुंडाळावे, खाद्य दुपारी दोनच्या सुमारास द्यावे आणि दहा मिनिटांत उरलेले दाणे गाळणीने काढून घ्यावेत.