सराव पाठात तंत्रज्ञान वापरताय? या चुका टाळा

छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक होण्याचं शिक्षण घेणारे विद्यार्थी, शाळेत जे सराव पाठ घेतात, त्यांचं निरीक्षण करताना मी शेवटच्या बाकावर बसते. पडदा कसा दिसतोय, आवाज कितपत पोचतोय, शिकवणाऱ्याचे डोळे मुलांकडे आहेत की लॅपटॉपकडे, हे तिथून नीट कळतं. वर्षानुवर्षं मी त्याच त्या चुका बघते आहे. हुशार, मनापासून तयारी करणारी मुलंमुली त्यात अडकतात आणि मग 'मला तंत्रज्ञान जमत नाही' असं ठरवून मोकळी होतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण अडचण बहुतेक वेळा तंत्रज्ञानाची नसतेच.

घरी चाललं म्हणजे वर्गात चालेल, असं धरणं

ही माझ्या यादीतली पहिली चूक. एक छात्राध्यापिका आठवीला समास शिकवणार होती. आठवडाभर खपून तिने स्लाइड केल्या होत्या. तत्पुरुष, द्वंद्व, बहुव्रीही, प्रत्येकाची पाच-सहा उदाहरणं, विग्रह वेगळ्या रंगात. घरच्या संगणकात एक जुना मराठी फाँट होता, सगळं त्यातच टाइप केलेलं. तिने शाळेच्या संगणकाला पेनड्राइव्ह लावला, फाइल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, अधिकची चिन्हं यांची नुसती गिचमिड. मुलं हसली. तिने फाइल बंद करून पुन्हा उघडली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग ती फाँट शोधायला इंटरनेटवर गेली, तर जोडणी नव्हती. अकरा मिनिटं गेली. शेवटी तिने खडू उचलला, पण उदाहरणं आठवेनात. पाठ टाचण, म्हणजे तासाचा लेखी आराखडा, माझ्या हातात होतं. त्यात उदाहरणांच्या रकान्यात लिहिलं होतं, 'स्लाइड ४ पाहा', 'स्लाइड ५ पाहा'.

तिचा पाठ फाँटने बिघडवला खरा, पण बुडवला तो त्या रकान्याने.

आधी फाँटचं सांगते, कारण मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येऊ शकते. जुन्या फाँटमध्ये तुम्ही 'क' टाइप करता तेव्हा संगणक आत एखादं इंग्रजी अक्षरच साठवतो. त्याला 'क'चं रूप फक्त तो फाँट देतो. फाँट नसेल तर आतलं इंग्रजी अक्षर उघडं पडतं. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा आहे. ०९०० ते ०९७एफ असे १२८ क्रमांक तिच्यासाठी राखलेले आहेत, आणि 'क' म्हणजे ०९१५, मग संगणक कुठलाही असो. १९९१ मधल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. तेव्हा जुन्या फाँटमध्ये आता नवं काहीही करू नका. 'हात त्याच कीबोर्डवर बसलाय' हे कारण मी ऐकून घेत नाही. इनस्क्रिप्ट हा देवनागरीचा प्रमाण कीबोर्ड किंवा उच्चारानुसार टाइप करायची पद्धत थोड्या दिवसांच्या सरावाने बसते, आणि पुढची सगळी नोकरी ती उपयोगी पडते.

युनिकोडमध्येही दुसऱ्या संगणकावर फाँट बदलला की ओळी तुटतात, चौकटीबाहेर जातात. म्हणून सोबत पीडीएफ ठेवायचीच. पीडीएफमध्ये फाँट फाइलच्या आतच बसवता येतो. अ‍ॅनिमेशन जातं, पण मजकूर राहतो. लहान वर्गांना शिकवणार असाल तर आणखी एक गोष्ट तपासा. कित्येक फाँटमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. नुकतं अक्षर गिरवायला शिकलेलं मूल फळ्यावर एक 'ल' आणि पडद्यावर दुसराच बघून गोंधळतं.

आता माझी सवय. आदल्या दिवशी मी त्याच खोलीत, त्याच संगणकावर फाइल उघडते, आणि तीही शक्यतो पाठाच्याच वेळेला. खिडकीतलं ऊन पडद्यावर कधी येतं, ते दुसऱ्या वेळी गेलं तर कळत नाही. फाइल उघडून मी शेवटच्या बाकावर जाऊन बसते. वाचता येत नसेल तर मजकूर निम्मा करायचा. अक्षर बारीक करून सगळं कोंबणं हा उपाय नव्हे. २४ पॉइंटच्या खाली तर मी जातच नाही. फाइलच्या दोन प्रती, एक पेनड्राइव्हवर आणि एक ईमेलमध्ये. आणि मुख्य उदाहरणं वहीत, हाताने लिहिलेली. वीज गेली तरी तास चालला पाहिजे. 'मॅडम, घरी तीनदा चालवून बघितलं होतं' असं मला सांगितलं जातं. घरी तीनदा बघण्यापेक्षा वर्गात एकदा बघा.

त्याच फेरीत दोन गोष्टी उरकून घ्या. व्हीजीए केबलमधून फक्त चित्र जातं, आवाज जात नाही. एचडीएमआयमधून दोन्ही जातं. केबल जुनी असेल तर स्पीकरची वेगळी सोय लागेल. आणि पडद्यावर तुमच्या लॅपटॉपचा नुसता रिकामा डेस्कटॉप दिसत असेल तर घाबरू नका. विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडा. निम्म्या वेळा 'प्रोजेक्टर बिघडलाय' म्हणजे एवढंच असतं.

तयार पीपीटी उतरवून घेणं

दुसऱ्याच्या स्लाइड म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यातला क्रम. मुलांचं पूर्वज्ञान तिथे तपासलेलं नसतं, आणि तुमच्या वर्गात कोण कुठे अडतं हे त्या माणसाला माहीत नसतं. त्यातलं एखादं चित्र परवाना बघून घ्या, अख्खी फाइल घेऊ नका. एआयकडून प्रश्नपत्रिका किंवा टिपणं करून घेत असाल तर प्रत्येक ओळ पाठ्यपुस्तकाशी ताडून बघा. चुकीची माहितीही ते तितक्याच ठामपणे लिहितं.

स्लाइडच्या वेगाने शिकवणं

यावर मी सगळ्यात जास्त बोलते आणि सगळ्यात कमी ऐकलं जातं.

एका छात्राध्यापकाने पस्तीस मिनिटांच्या तासाला बेचाळीस स्लाइड आणल्या होत्या. विषय, विद्युत परिपथ. प्रत्येक स्लाइडवर चार-पाच वाक्यं, आणि तो ती वाचत होता. सातव्या की आठव्या स्लाइडला एका मुलीने हात वर केला. 'सर, वीज सेलमधून निघून दिव्यात संपते, तर परत जायला तार कशाला?' पूर्ण धड्यातला हा सगळ्यात मोलाचा प्रश्न होता. विद्युतधारा दिव्यात 'खर्च होते' ही या विषयातली अगदी मुरलेली चुकीची समजूत, आणि ती तिने स्वतःहून उघड करून दिली होती. तो म्हणाला, 'ते पुढे येणार आहे,' आणि पुढची स्लाइड आणली. पुढे ते आलं नाही. त्याच्या स्लाइडमध्ये तो मुद्दाच नव्हता. त्या मुलीने तासभर पुन्हा हात वर केला नाही.

पाठानंतर तो मला म्हणाला, 'स्लाइड संपवायच्या होत्या.' मी त्याला विचारलं, कोणासाठी?

अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या आसपास वर्गातल्या संभाषणांच्या ध्वनिफिती तपासल्या. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सुमारे एक सेकंद थांबतात, असं त्यांना आढळलं. तेच तीन सेकंदांच्या वर थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात, मुलांचे स्वतःचे प्रश्नही वाढतात. हातात रिमोट असला की हा एक सेकंदही उरत नाही, कारण उत्तर पुढच्याच स्लाइडवर तयार असतं आणि ते मुलांनाही माहीत असतं. वाचून दाखवण्याबद्दल शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचे प्रयोग बघा. चित्र आणि बोलणं चालू असताना तेच शब्द पडद्यावरही टाकले, तर समजायला मदत होण्याऐवजी बरेचदा अडथळाच होतो.

पस्तीस मिनिटांना मी सात-आठ स्लाइड नेते. त्यांवर चित्र, आकृती, नकाशा, किंवा एखादा प्रश्न. व्याख्या मुलांच्या तोंडून काढून फळ्यावर लिहायची. फलकलेखन सोडू नका. फळ्यावरचं तासभर टिकतं, स्लाइडवरचं क्लिकसरशी जातं. कोणी प्रश्न विचारला की कीबोर्डवरची 'बी' (B) अक्षराची कळ दाबायची. स्लाइड शो चालू असताना तिने पडदा काळा होतो आणि सगळे डोळे परत माणसांकडे वळतात. पुन्हा दाबली की स्लाइड आहे तिथेच. इतकी साधी कळ आहे, पण ती वापरणारे मला फार थोडे भेटले.

सिम्युलेशनचंही, म्हणजे पडद्यावर करून बघायच्या आभासी प्रयोगांचंही, असंच होतं. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या फेट प्रकल्पातली सिम्युलेशन्स मोफत आहेत, आणि त्यातली बरीचशी उतरवून घेतली की इंटरनेटशिवायही चालतात. मी ती आवर्जून सुचवते. मग बघते तर छात्राध्यापक स्वतःच तारा जोडतोय, स्वतःच दिवा पेटवतोय, आणि मुलं नुसती बघताहेत. आधी विचारा, 'याच परिपथात अजून एक दिवा एकसर (एकाच मार्गावर, एकामागे एक) जोडला तर पहिल्याचं काय होईल? वहीत लिहा.' सगळ्यांचं लिहून होईपर्यंत थांबा. मग जोडा. स्वतः लिहिलेलं 'तसाच राहील' आणि समोर मंद झालेला दिवा, या दोन्हींकडे आळीपाळीने बघणारं मूल मी अनेकदा पाहिलंय. शिकणं तिथे चालू असतं.

पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेली टीपॅक ही चौकट तुम्ही परीक्षेसाठी पाठ करता. विषयाचं ज्ञान, तो शिकवण्याचं ज्ञान आणि तंत्रज्ञानाचं ज्ञान, आणि ही तिन्ही एकमेकांत गुंतलेली. आकृती सगळ्यांना काढता येते. पण टाचण लिहायला बसल्यावर पहिला प्रश्न असतो, 'कोणतं ॲप वापरू?' घटक कुठे अडतो, हा प्रश्न पहिला हवा. तो अडतच नसेल तर ॲपची गरज नाही, आणि तसं टाचणात लिहिलंत तर मी एकही गुण कापणार नाही.

थोडक्यात सांगता येतील अशा

मुलांना वर्गातच नवीन खातं उघडायला लावू नका. निम्मा तास पासवर्डात जातो.

वेगाला गुण देणाऱ्या प्रश्नमंजूषा रोज नकोत. सावकाश विचार करणारी मुलं दोन वेळा मागे पडली की तिसऱ्या वेळी काहीही दाबतात. प्लिकर्स या प्रश्नमंजूषेच्या ॲपमध्ये फोन फक्त शिक्षकाकडे लागतो, मुलं छापील कार्ड वर धरतात. घाई नाही, आणि शेजाऱ्याचं उत्तरही सहज कळत नाही.

लाल आणि हिरव्या रंगांनीच बरोबर-चूक दाखवू नका. हा फरक न दिसणारं मूल वर्गात असू शकतं, आणि ते तसं सांगत नाही. सोबत खूण करा.

फोन पडद्याला जोडण्याआधी सूचना बंद करा. तुमचा खासगी संदेश साठ मुलांनी वाचल्यावर तो तास परत हातात येत नाही.

पूर्ण तास अंधार नको. मुलांचे चेहरे दिसले नाहीत तर कळलं की नाही हे तुम्हाला कशावरून समजणार?

पांढऱ्या फळ्याचा मार्कर टचस्क्रीन पॅनलवर वापरू नका.

आणि घंटा झाल्यावर पळू नका. ईमेलमधून बाहेर पडा, पेनड्राइव्ह काढून घ्या. दिव्याचा प्रोजेक्टर बटणानेच बंद करा आणि पंखा थांबेपर्यंत त्याची वीज तोडू नका. तापलेला दिवा तसाच राहिला तर लवकर जातो. केबल गुंडाळून टेबलावर ठेवा. पुढचा तास कोणाचा तरी आहे, आणि त्यांच्याकडेही पस्तीसच मिनिटं आहेत.