आपटा की कांचन? पानावरून ओळखायची पद्धत

“लहान पान आपट्याचं, मोठं कांचनाचं” हा सल्ला दर दसऱ्याला ऐकू येतो आणि त्यापायी कांचनाच्या फांद्या विनाकारण ओरबाडल्या जातात. नुसत्या आकारावर जाऊ नका. तोडलेल्या आपट्याच्या बुंध्यातून फुटणाऱ्या धुमाऱ्यांना चांगली मोठी पानं येतात आणि कांचनाचं कोवळं पान आपट्याएवढंच दिसतं.

फांदीच्या मधली, पूर्ण वाढलेली पाच-सहा पानं घ्या. शेंड्याची नकोत. एकाच पानावर तर निकाल देऊच नका.

आपटा आधी वेगळा काढा, ते सोपं आहे. पान जाड, चिवट, लांबीपेक्षा रुंद. खालच्या बाजूला करडट लव. पानाच्या टोकाला असलेल्या खाचेच्या दोन बाजूंचे भाग, म्हणजे पाळ्या, दोन्ही गोल.

खरी कसोटी कांचनांमध्येच लागते. देवकांचन, रक्तकांचन ही नावं गावोगावी वेगवेगळ्या झाडांना चिकटली आहेत, म्हणून इथे शास्त्रीय नावंच वापरा: बाउहिनिया पर्प्युरिया आणि बाउहिनिया व्हेरिगाटा. माझा सर्वांत जास्त वेळ याच जोडीने घेतला. दोघांत फरक करायचा तो खाचेच्या खोलीवरून. पान मधल्या शिरेवर दुमडा, पट्टी लावा. देठाच्या सांध्यापासून पाळीच्या टोकापर्यंत पूर्ण लांबी मोजा, मग टोकापासून खाचेच्या तळापर्यंतचं अंतर. खाचेच्या तळाशी मधली शीर बारीक केसासारखी बाहेर आलेली असते. तो केस लांबीत धरू नका. खाच लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा खोल, जवळजवळ निम्म्यापर्यंत गेली आणि पान रुंदीपेक्षा लांबट असेल, तर पर्प्युरिया. खाच पाव ते तिसरा हिस्सा आणि पान जवळपास लांबीइतकंच रुंद, तर व्हेरिगाटा.

मग शिरा मोजा. पान उजेडासमोर धरा आणि देठाच्या सांध्यातून थेट निघणाऱ्या शिराच धरा. वर जाऊन फुटलेले फाटे सोडून द्या. एका बाजूच्या मोजा, दुप्पट करा, मधली एक मिळवा. आपट्यात साधारण 7 ते 9, पर्प्युरियात 9 ते 11, व्हेरिगाटात बहुधा 11 किंवा जास्त. आकडे एकमेकांत शिरतात, हे इथेच दिसतं. त्यामुळे शिरा हा फक्त आधार. आकड्यावरून नाव ठरवणाऱ्यांचं ऐकू नका.

पानाचं माप दोघांच्या मधोमध अडलं तर फुलाची वाट पाहा. पर्प्युरिया पावसाळा सरताना पानांसकट फुलतो, फुलात बहुधा 3 पूर्ण पुंकेसर. व्हेरिगाटा वसंतात, पानगळ झालेली असताना फुलतो, पुंकेसर 5. आपट्याची फुलं बारीक, फिकट पिवळसर, पुंकेसर 10.

शहरातल्या रस्त्याकडेला मात्र आणखी एक झाड भेटतं: या दोघांचाच संकर, हाँगकाँगच्या झेंड्यावर ज्याचं फूल आहे तो ब्लेकियाना. त्याचं पान पट्टीने सुटत नाही. झाड फुलांनी भरून जाऊनही शेंग धरत नसेल, तर हाच धरा.