ड्रायव्हर कुठे झोपणार? हॉटेल ठरवण्याआधी विचारायचे प्रश्न

पुण्यातल्या एका हॉटेलात मी एकोणीस वर्षं हाउसकीपिंगमध्ये काढली. रूम अटेंडंट म्हणून लागले आणि सुपरवायझर म्हणून बाहेर पडले. त्यामुळे कुणाची ट्रिप ठरली की नातेवाईक, शेजारी, भिशीतल्या बायका मला फोन करतात, ‘अगं, कुठलं हॉटेल चांगलं?’ मी आधी उलट विचारते, ‘तुला काय चालणार नाही, ते सांग.’

चांगलं काय हे विचारलं की सगळे एकच सांगतात. स्वच्छता, शांतता, निसर्ग. काय चालणार नाही हे विचारलं की माणूस थांबतो, विचार करतो आणि त्याला मनापासून काय महत्त्वाचं वाटतं ते बाहेर येतं.

आमच्याच घरचं सांगते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही सात जण मालवणला जायचं ठरवत होतो. सासऱ्यांना स्वच्छ संडास हवा होता आणि शाकाहारी स्वयंपाकाची भांडी वेगळी हवी होती. मुलीला प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीग बघवत नाही. नवऱ्याचं म्हणणं, पैसे गावातल्याच माणसाच्या हातात पडले पाहिजेत. माझं लक्ष पाण्याकडे आणि तिथे राबणाऱ्या माणसांकडे. जेवताना सगळ्यांनी एकमेकांना माना डोलावल्या. रात्री अकरा वाजता अ‍ॅप उघडलं, किमतीप्रमाणे यादी लावली आणि पोहण्याचा तलाव असलेल्या पहिल्या फोटोवर बोट गेलं. जेवताना बोललेलं एकही वाक्य तेव्हा कुणाला आठवलं नाही.

माझी मुलगी मानसशास्त्र शिकलेली आहे. ती म्हणाली की हे सगळ्यांचंच होतं. शालोम श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये माणसांच्या मूल्यांची जी मांडणी केली, तिच्यात स्वतःचं यश आणि वरचढपणा एका बाजूला येतात, तर इतर माणसांची आणि निसर्गाची काळजी बरोबर समोरच्या बाजूला. सुखासीनतेची ओढही पहिल्या बाजूलाच झुकते. सुट्टीत माणूस सुख शोधायला निघालेला असतो, म्हणून ती बाजू आपोआप जड होते. दुसरी बाजू आपण आधीच लिहून ठेवली नसेल तर बुकिंगच्या क्षणी ती हरते.

म्हणून पहिलं काम कागदावर. अ‍ॅप उघडण्याआधी घरातल्या प्रत्येकाने आपली एकच न चालणारी गोष्ट सांगायची. त्यातल्या सगळ्यांना पटलेल्या दोन वर लिहायच्या, बाकीच्या ‘असेल तर बरं’ म्हणून खाली. दहा अटी घालू नका. दहा अटी पुऱ्या करणारं हॉटेल सापडत नाही आणि मग माणूस कंटाळून सगळंच सोडून देतो.

टॉवेलच्या कार्डावर जाऊ नका

बाथरूममधलं ते छोटं कार्ड तुम्ही पाहिलं असेल. पृथ्वी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा. ‘ग्रीनवॉशिंग’ हा शब्द याच कार्डावरून निघाला. जे वेस्टरवेल्ड या अमेरिकन पर्यावरणवाद्याने १९८६ मध्ये तो वापरला. हॉटेल धुलाईचा खर्च वाचवतं, नाव मात्र पृथ्वीचं घेतं आणि बाकी नासाडीकडे बघतही नाही, हा त्याचा मुद्दा होता.

तरी कार्ड निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या एका हॉटेलात गोल्डस्टीन, चाल्दिनी आणि ग्रिस्केविशियस या संशोधकांनी केलेले दोन प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या प्रयोगात ‘पर्यावरणासाठी’ एवढंच लिहिलेल्या खोल्यांत सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. ‘इथे उतरणारे बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ असं लिहिल्यावर ते प्रमाण ४४ टक्क्यांवर गेलं, आणि दुसऱ्या प्रयोगात ‘याच खोलीत उतरलेले’ असं लिहिलं तेव्हा ४९ टक्क्यांवर.

पण पाहुण्याने टॉवेल दांडीवर टांगल्यावर पुढे काय होतं, ते मी रोज बघत होते. आमच्याकडे कार्ड होतं. तरी वापरलेला टॉवेल खोलीत दिसला की तपासणीत तो आमच्या नावावर चूक म्हणून लागायचा, म्हणून पोरी तो उचलायच्याच. तेव्हा तुम्ही कुठेही उतरलात तर पहिल्याच सकाळी टॉवेल नीट दांडीवर टाका आणि फिरायला जा. संध्याकाळी कोरा करकरीत टॉवेल घडी घालून ठेवलेला दिसला, तर ते कार्ड नुसतं लावायचं म्हणून लावलंय. रिसेप्शनवर शांतपणे सांगा की आम्ही मुद्दाम टांगला होता. खोली करणाऱ्या बाईला बोलू नका, तिच्या हातात काही नसतं.

एक खोली म्हणजे किती कपडे, तेही सांगते. पाहुणा गेला की त्या खोलीतून पलंगाच्या दोन चादरी, दुलईची खोळ, चार अभ्रे, दोन मोठे टॉवेल, दोन छोटे आणि पायपुसणं निघतं. आंघोळीचा ओला टॉवेल पिशवीत टाकताना हाताला ओढ बसते, आणि असे दोन डझन टॉवेल त्या पिशवीत जातात. नवी चादर घालायची तर गादीचा कोपरा एका हाताने उचलून धरायचा आणि दुसऱ्या हाताने चादर आत सरकवायची. चार कोपरे, दोन चादरी, म्हणजे एका पलंगाला आठ वेळा गादी उचलायची. एका पाळीत चौदा खोल्या. माझं उजवं मनगट अजून पावसाळ्यात ठणकतं.

म्हणून माझा सगळ्यात सोपा सल्ला : चार रात्रींत चार गावं करू नका. एकाच ठिकाणी चार रात्री राहिलात तर जाताना एकदाच खोली उलटी होते. पाणी वाचतं, साबण वाचतो, कुणाची तरी पाठ वाचते आणि तुम्हालाही गाव नीट दिसतं.

पाणी कुठून येतं?

कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणून तिथे पाण्याची काय कमी, असं शहरातल्या माणसाला वाटतं. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, उतारावरून ते थेट समुद्राला मिळतं आणि एप्रिल-मेमध्ये विहिरींचा तळ दिसतो. किनाऱ्याजवळच्या विहिरीतून पंपाने फार उपसा केला तर खारं पाणी आत शिरतं, आणि मग आसपासच्या घरांच्या विहिरीही बिघडतात.

त्या मालवणच्या ट्रिपमध्ये शेवटी आम्ही तलाववालं हॉटेलच घेतलं होतं. पहिल्या दिवशी पहाटे सहाला मी मागच्या रस्त्याने चालायला गेले. वाडीतल्या बायका हंडे-कळश्या रांगेत लावून टँकरची वाट बघत होत्या. एक म्हातारी कळशीवरच बसली होती. परत आले तर निळा तलाव काठोकाठ भरलेला आणि एक पोरगा जाळीने पाण्यातली पानं काढतोय. मुलं दुपारभर पोहली. मी काठावर पाय सोडूनही बसले नाही. तेव्हापासून उन्हाळ्यात तलाव असलेलं हॉटेल आमच्या ‘चालणार नाही’मध्ये आहे आणि त्यावर घरात कुणी वाद घालत नाही.

डोंगरातही हेच. २०१८ च्या उन्हाळ्यात शिमल्यात पाण्याचे इतके हाल झाले की तिथलेच लोक पर्यटकांना ‘सध्या येऊ नका’ म्हणत होते.

फोनवर सरळ विचारा : पाणी विहिरीचं, नळाचं की टँकरचं? मेमध्ये पुरतं का? ‘भरपूर, चोवीस तास’ हे उत्तर मला काहीच सांगत नाही. ‘वीस तारखेनंतर जरा जपून वापरावं लागतं’ म्हणणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवते. सांडपाणी कुठे जातं, हेही विचारा. शोषखड्डा आहे म्हणतात का, की ‘जातं मागे खाडीत’?

ड्रायव्हर

हे मला सगळ्यात आधी लिहायचं होतं.

एका डिसेंबरात आम्ही गाडी करून महाबळेश्वरला गेलो. हॉटेल छान, बिछाने ऊबदार. सकाळी खाली उतरले तर गाडीच्या काचा आतून धुरकटलेल्या. आमचा ड्रायव्हर पुढची सीट मागे टाकून, अंगावर माझ्याच मुलीची शाल घेऊन झोपला होता. आंघोळ कुठे केली विचारलं, तर म्हणाला, ‘स्टँडजवळ नळ आहे ना, ताई.’ आदल्या दिवशी घाटातून सात जीव त्यानेच वर आणले होते आणि त्याच दिवशी खाली न्यायचे होते. मी स्वतः हॉटेलात राबलेली बाई, आणि मला विचारायचं सुचलं नाही.

आता पहिला प्रश्न हाच. ड्रायव्हरची झोपायची, अंघोळीची आणि जेवणाची काय सोय? तिन्ही वेगवेगळं विचारा, कारण ‘सोय आहे’ याचा अर्थ पुष्कळदा ‘पार्किंग आहे’ एवढाच असतो. तमिळनाडूने २०२३ मध्ये हॉटेलांनी ड्रायव्हरसाठी झोपायची आणि संडासाची सोय करायची असा नियम इमारतींच्या नियमांतच घातला. आपल्याकडे मात्र विचारावंच लागतं. सोय नसेल आणि बाकी सगळं आवडलं असेल, तर शेजारच्या लॉजमधल्या एका पलंगाचे पैसे बजेटमध्ये धरा.

ड्रायव्हरला कसं वागवतात यावरून बाकीच्या नोकरांचाही अंदाज येतो. आणखी दोन गोष्टींवर मी खोली सोडते. एक म्हणजे कामाला लहान मूल दिसणं. चौदा वर्षांखालच्या मुलाला हॉटेलात कामाला ठेवणं कायद्याने गुन्हा आहे. होमस्टेमध्ये मालकिणीचा मुलगा शाळेतून आल्यावर पाण्याचा तांब्या आणून ठेवतो, ती गोष्ट वेगळी. पण पोरगं घरचं नसेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. दुसरी म्हणजे आडनाव ऐकून ‘खोली शिल्लक नाही’ म्हणणं. धर्म, जात, लिंग यांवरून हॉटेलात प्रवेश नाकारता येत नाही, हे संविधानाच्या पंधराव्या कलमात लिहिलेलं आहे. अशा ठिकाणी मला खोली मिळत असली तरी मी राहत नाही.

दिवे आणि कासवं

नवऱ्याच्या ‘पैसे गावात’ला उत्तर मिळालं ते मंडणगड तालुक्यातल्या वेळासला. ऑलिव्ह रिडले कासवं तिथल्या वाळूत अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती अंडी राखायला सुरुवात केली आणि पुढे पाहुणे गावकऱ्यांच्याच घरांत उतरू लागले. आम्ही मार्चमध्ये गेलो. मातीची सारवलेली पडवी, घावणे, सोलकढी, आणि खोलीचे पैसे थेट काकूंच्या हातात.

तिथे मला किनाऱ्यावरच्या हॉटेलांबद्दल एक गोष्ट कळली. अंड्यातून निघालेलं पिल्लू रात्री जिकडे जास्त उजेड दिसेल तिकडे चालू लागतं, आणि अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्रावरच्या आभाळाचा असतो. काठावर हॉटेलचे मोठे दिवे असले की पिल्लं उलटी, जमिनीकडे चालतात. म्हणून समुद्रकाठी उतरायचं असेल तर हॉटेलचे रात्रीचे फोटो बघा. वाळू पांढरीफेक उजळलेली दिसली की ते हॉटेल सोडा. मोबाइलवरच्या नकाशात उपग्रहाचं चित्र लावूनही बघा. कांदळवन किंवा वाळूचे उंचवटे सपाट करून बांधलंय का, ते वरून बरंचसं कळतं.

बाकीचं थोडक्यात. प्रमाणपत्र असेल तर कशाचं ते वाचा. इमारतीला हिरवं प्रमाणपत्र मिळालं म्हणजे तिथल्या बायकांना आठवड्याची सुट्टी मिळते असं नाही. एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर १ जुलै २०२२ पासून जी बंदी आहे, तिच्यात पाण्याची बाटली येत नाही, म्हणून भरून घ्यायला फिल्टरचं पाणी आहे का ते विचारा. एसी लागला तर लावा. सासऱ्यांना उकाडा सोसत नाही, आम्ही २६ वर ठेवतो.

फोन मात्र कराच, अ‍ॅपवरच्या उत्तरांत माणसाचा आवाज कळत नाही. गेल्या वर्षी तळकोकणातल्या एका घरी माझं बोलणं असं झालं :

‘काकू, मेमध्ये दोन रात्री यायचंय. पाणी पुरतं ना?’

‘विहीर आहे, पण शॉवर बंद ठेवते मी मेमध्ये. बादली देईन. चालेल ना तुम्हाला?’

‘चालेल. बरोबर ड्रायव्हर आहे, त्याचं कसं?’

‘पडवीत कॉट टाकते की, पंखा आहे. जेवेल तुमच्याच पंगतीला.’

पुढचे प्रश्न मी विचारलेच नाहीत.

फोनवर बोलायला अवघडल्यासारखं होत असेल तर मी बहिणीला पाठवलेला हा मेसेज घ्या आणि तुमच्या दोन अटींप्रमाणे बदला : ‘नमस्कार. आम्ही … जण, … तारखेपासून … रात्री. बुकिंगआधी तीन गोष्टी विचारायच्या होत्या. ड्रायव्हरला झोपायला खाट, अंघोळ आणि जेवण मिळेल का, आणि त्याचे किती? सध्या पाणी कुठून येतं, पुरतं का? चादरी-टॉवेल रोज न बदलता आम्ही सांगू तेव्हाच बदलाल का? यावर आम्ही खोली ठरवणार आहोत, म्हणून जसं असेल तसं सांगा.’