प्रेशर बदलून घ्यायला कोल्हापूरला निघण्याआधी

झोपेत घसा मिटून श्वास थांबतो (स्लीप ॲप्निया), म्हणून रात्री मास्कमधून हवेचं प्रेशर देणारं मशीन लावणाऱ्यांसाठी हे आहे. राजापूरहून निघा की देवगडहून, झोपेच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे घाट चढून कोल्हापूर. चिपळूण-खेडकडचे लोक मुंबई-पुणे गाठतात, सावंतवाडीकडच्यांना गोवा जवळ पडतो. अख्खा दिवस जातो आणि डॉक्टरांसमोर मिळतात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्यात "प्रेशर सोसत नाही हो" इतकंच सांगून परत यायचं नसेल, तर किमान दोन आठवडे आधी तयारीला लागा. प्रेशर वाढवायचं की कमी करायचं हे डॉक्टर ठरवतील. पण आकड्याला दोष देण्याआधी मास्कमधली गळती बघणं हे काम घरचं आहे, आणि बऱ्याच जणांची तक्रार तिथेच मिटते.

आधी एक वही घ्या. पहिल्या पानावर मशीनची कंपनी, मॉडेल आणि ते कोणत्या मोडवर चालतं हे लिहा. साधं सीपॅप रात्रभर एकच प्रेशर देतं. ॲटो सीपॅपला खालची आणि वरची मर्यादा दिलेली असते, त्या दोन आकड्यांच्या मध्ये ते गरजेप्रमाणे वरखाली होतं. बायपॅपमध्ये श्वास घेताना एक आणि सोडताना त्याहून कमी, अशी दोन प्रेशर असतात. कोविडच्या वेळी घेतलेलं बायपॅप एखाद्या घरात कपाटात पडून असतं आणि "आहेच तर वापरा" म्हणून शेजारी दिलं जातं. तसं करू नका. दुसऱ्याच्या घशासाठी लावलेलं प्रेशर तुमच्या उपयोगाचं नाही. मुंबईहून कुणी जुनं मशीन पाठवलं असेल तर आणखी एक गोष्ट बघा: फिलिप्सने जून २०२१ मध्ये आतल्या फोमच्या दोषामुळे आपली बरीच मॉडेलं परत मागवली होती. हातातलं मशीन त्यातलं नाही ना, हे सिरियल नंबरवरून खात्री करूनच लावा.

आता आकडे. प्रेशर सेंटीमीटर पाण्यात मोजतात. उंच पेल्यात पाणी भरून नळी १० सेंटीमीटर खोल बुडवा आणि फुंका. बुडबुडे यायला लागतात तेवढा जोर म्हणजे साधारण १० प्रेशर. हवेच्या नेहमीच्या दाबाच्या तुलनेत तो जेमतेम एक टक्का भरतो, त्यामुळे "एवढ्या जोराने फुफ्फुस फुटेल" ही आजींची काळजी मनातून काढून टाका. घशाचा मऊ भाग झोपेत मिटतो, त्याला आतून धरून ठेवायला एवढा दाब पुरतो. ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा मांडली, आणि तत्त्व आजही तेच आहे. घरगुती मशीन साधारण ४ ते २० पर्यंत जातं. आणि प्रेशर १४ आहे म्हणजे आजार ८ वाल्यापेक्षा जास्त, असं नसतं. घशाची ठेवण, वजन, नाक, झोपायची कुशी या सगळ्यांवर तो आकडा ठरतो. दोन भावजींनी ओसरीवर बसून आपापले आकडे ताडून बघण्यात काही अर्थ नाही.

वहीच्या दुसऱ्या पानावर सेटिंग उतरवा. ॲटो असेल तर खालची आणि वरची मर्यादा. काही मशीनं ४ ते २० अशीच, कंपनीतून आली तशी, घरी येऊन चालू होतात. अशा वेळी झोपायला आडवं झालं की मोठ्या माणसाला ४ वर हवा कमी पडल्यासारखं वाटतं, जीव घुसमटतो, आणि माणूस "प्रेशर जास्त आहे" म्हणून मास्क काढतो. खरं तर तिथे प्रेशर कमी पडत असतं. त्यामुळे डॉक्टरांना नुसतं "सोसत नाही" सांगू नका. श्वास घेताना हवा पुरत नाही, की सोडताना अडतं, की पोटात हवा जाऊन सकाळी ढेकर येतात, हे वेगवेगळं लिहा. तीन तक्रारींचे उपाय तीन आहेत.

त्याखाली रॅम्प, म्हणजे प्रेशर हळूहळू चढवायची सोय, लिहा: किती प्रेशरपासून सुरू होतं आणि किती मिनिटांत पूर्ण प्रेशरला पोचतं. रात्री उठून परत झोपताना रॅम्पचं बटण पुन्हा पुन्हा दाबत असाल तर तेही लिहा, कारण तेवढा वेळ तुम्ही अपुऱ्या प्रेशरवर असता. मग श्वास सोडताना मिळणारी सवलत. रेसमेड कंपनीच्या मशीनवर ती १, २ किंवा ३ अशी असते. १० प्रेशरवर ३ ची सवलत असेल तर श्वास सोडताना ७ राहतं. शेवटी ह्युमिडिफायरचा, म्हणजे हवा दमट करणाऱ्या पाण्याच्या टाकीचा, आकडा. यातलं काही स्क्रीनवर दिसत नसेल तर मशीन देणाऱ्या डीलरला फोन करून विचारा किंवा जुनी चिठ्ठी काढा. मर्यादा बदलायचा मेनू रुग्णासाठी मुद्दाम झाकलेला असतो. गणपतीला आलेला एखादा हुशार पुतण्या मोबाइलवर बघून तो उघडतो आणि "काका, दोनने वाढवलं" म्हणून परतीची गाडी पकडतो. तसं झालं असेल तर लाजू नका, तारीख लिहा आणि डॉक्टरांना सांगा.

आता गळती, म्हणजे लीक. मास्कवरची बारीक भोकं उच्छ्वास बाहेर पडायला मुद्दाम ठेवलेली असतात, ती कधीही बुजवू नका. गळती म्हणजे मास्कच्या कडेने किंवा उघड्या तोंडातून जाणारी हवा. रेसमेडच्या मशीनमध्ये मिनिटाला २४ लिटरपेक्षा जास्त गेली की ती मोठी धरतात. गळती जास्त असली की मशीनला घशात काय चाललंय ते नीट कळत नाही, मग प्रेशर आणि रिपोर्ट दोन्हींवर भरवसा ठेवता येत नाही. आपल्याकडे याची कारणं घरगुती आहेत. रात्री डोक्याला खोबरेल चोपडून झोपलं की कुशन, म्हणजे मास्कच्या कडेची मऊ गादी, घसरतं. उकाड्यात घाम येतो, पट्टे सैल पडतात, मग माणूस ते इतके आवळतो की नाकावर वळ उठतो आणि कुशन चुरगळून गळती आणखी वाढते. झोपण्याआधी तोंड धुवून पुसा, कुशन रोज सौम्य साबणाने धुवा, आणि पट्टे बसून नव्हे तर आडवं होऊन, प्रेशर चालू असताना बसवा. आठवडाभर एवढंच करून रिपोर्ट बघा.

पावसाळ्यात आणखी एक घोटाळा होतो. हवा आधीच दमट, त्यात ह्युमिडिफायर वर चढवलेला, आणि पंखा किंवा एसी थेट नळीवर. नळीत पाणी साचतं, गुडगुड आवाज येतो, प्रेशर हेलकावे खातं आणि नाकात थेंब उडतात. ह्युमिडिफायर एक-दोन पायऱ्या खाली आणा, मशीन पलंगाच्या उंचीपेक्षा खाली ठेवा, नळी चादरीखाली घ्या. हवेचा फिल्टर काढून बघा. दमटपणाने काळा पडला असेल तर बदला.

रिपोर्ट मोबाइलवरून किंवा मशीनमधल्या मेमरी कार्डावरून काढता येतो. त्यात पहिलं बघायचं एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला. मोठ्यांमध्ये ५ च्या खाली ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. मशीन लावल्यावर तो ५ च्या खाली राहावा, ही अपेक्षा. मात्र मशीन हवेच्या प्रवाहावरून अंदाज बांधतं. तुम्ही झोपला आहात की जागे पडून आहात हे त्याला कळत नाही. "९५ टक्के" असा शब्दही दिसेल. तिथे १२ लिहिलं असेल तर वापराच्या ९५ टक्के वेळ प्रेशर १२ किंवा त्याहून कमी होतं, एवढाच त्याचा अर्थ. हा आकडा वरच्या मर्यादेला टेकलेला असेल तर तिथे खूण करा. आणि सेंट्रल या रकान्याखाली मोठा आकडा असेल तर ठळक खूण करा: तिथे घसा उघडा असतो, पण श्वास घ्यायचा इशाराच येत नाही. त्याला प्रेशर वाढवून उपयोग होत नाही, कधी उलट बिघडतं. आपल्या हाताने प्रेशर वाढवू नका म्हणतो ते मुख्यतः यासाठी.

रिपोर्टला जोड म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन शब्द टाका: सर्दी होती, उताणं झोपलो, रात्री थोडी घेतली होती, झोपेची गोळी घेतली, लाइट गेली. दारूने घसा सैल पडतो, त्या रात्रीचा आकडा वेगळा येणारच. लाइट गेलेल्या रात्री तर नक्की लिहा, नाहीतर रिपोर्टमधली मोकळी जागा बघून डॉक्टर म्हणतील की मशीन वापरतच नाही. निसर्ग वादळ जून २०२० मध्ये येऊन गेलं तेव्हा रायगड आणि दापोली-मंडणगड भागात कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते. कोकणातल्या माणसाने इन्व्हर्टरचा विचार प्रेशरइतकाच गंभीरपणे करावा. प्युअर साइन वेव्हचा घ्या, आणि बॅटरीवर असताना ह्युमिडिफायर व गरम नळी बंद ठेवा, खरी वीज ती दोन खातात. मशीन बंद पडलं तर मास्क काढून कुशीवर झोपा, उशाकडून अंग जरा उंच करून.

दिवसा झोप किती येते तेही विचारतील. एपवर्थ नावाची आठ प्रश्नांची यादी देतात, २४ पैकी गुण. १० च्या वर गेले तर झोप जास्त येते असं धरतात. उत्तरं खरी द्या. माशाचं जेवण झाल्यावर डोळा लागणं आपल्याकडे आजारात मोजत नाहीत, पण गाडी चालवताना डुलकी येत असेल तर ते लपवू नका. दुपारी झोपताना मशीन लावता का, तेही सांगा. लावायला हवं. स्लीप स्टडी (झोपेची तपासणी) झाल्यापासून वजन किती वाढलं-घटलं आणि रोजच्या गोळ्या कोणत्या, हेही वहीत असू द्या. शक्य असेल तर शेजारी झोपणाऱ्या माणसाला बरोबर न्या; मास्क असताना घोरणं ऐकू येतं का, हे काकूच सांगू शकतात.

परत निघताना नवं सेटिंग डॉक्टरांकडून कागदावर घ्या: मोड, दोन्ही मर्यादा, रॅम्प, सवलत. बदल त्यांनीच मशीनमध्ये करून दिला तर स्क्रीनचा फोटो काढा. त्यासाठी मशीन बरोबर न्यावंच लागेल, तेव्हा ॲडॉप्टर, मास्क आणि कार्ड आदल्या रात्री एका पिशवीत भरा, आणि टाकी पूर्ण रिकामी करून मगच मशीन गाडीत ठेवा. घाटाच्या वळणावर उरलेलं पाणी मोटरीत शिरलं तर प्रेशरचा प्रश्नच उरणार नाही.