सायकलसाठी हलकी मोटर निवडताना आधी बॅटरी ठरवा

सायकलला मोटर जोडायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, किती वॅटची? सुरुवात खरं तर अंतरापासून करावी. पायडल मारत राहिलात तर सपाटीवर किलोमीटरमागे साधारण 6 ते 8 वॅट-तास जातात, चढ किंवा समोरचा वारा असेल तर 10 ते 12. रोज 20 किलोमीटर आणि थोडेफार चढ असतील तर 36 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची (252 वॅट-तास) बॅटरी पुरते. वजन दीड किलोच्या आसपास. 'असू दे जास्तीची' म्हणून दुप्पट घेतलीत, तर ते ओझंही रोज वाहायचं.

मोटर गिअरवाली हब (चाकाच्या मध्यभागी बसणारी) घ्या, 250 वॅटची, दोन-अडीच किलोची. बिनगिअरची डायरेक्ट ड्राइव्ह चार किलोंच्या पुढे जाते आणि बंद असताना चाक ओढून धरते. गिअरवालीत फ्रीव्हील (एकाच दिशेने जोर देणारी चकती) असल्याने मोटर बंद असताना चाक मोकळं फिरतं. ताकद कमी पडेल ही भीती बहुधा फुकाची. सायकलसह 90 किलो वजन 6 टक्के चढावर ताशी 12 किलोमीटरने न्यायला चाकाशी जेमतेम 200 वॅट लागतात. त्यातले 100 तुमचे पाय देतात.

छोट्या बॅटरीची खरी मेख करंटमध्ये आहे. 7 अँपिअर-तासांच्या पॅकमध्ये बहुधा 20 सेल असतात: एकापुढे एक (सिरीजमध्ये) जोडलेल्या 10 जोड्या, प्रत्येक जोडीत 2 सेल शेजारी-शेजारी (पॅरलल), म्हणजे करंट दोघांत वाटला जातो. कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला किती करंट जायचा ते ठरवणारा डबा) 15 अँपिअरचा असला तर प्रत्येक सेलवर साडेसात अँपिअर. सेल तापतात, व्होल्टेज खाली बसतो आणि बॅटरी अर्धी शिल्लक असतानाही बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) ऐन चढावर पुरवठा तोडतो. अशा पॅकला 10 अँपिअरचा कंट्रोलर लावा.

मोटर मागवण्याआधी ड्रॉपआउटमधलं (चाकाचा आस ज्या दोन खाचांत बसतो त्यांच्यातलं) अंतर मोजा: पुढे बहुधा 100 मिलिमीटर, मागे 135. पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) स्टीलचा असेल तरच मोटर पुढे बसवा. कार्बन फोर्कवर नकोच. चाक पुढे ढकलताना मोटर आपला आस उलट दिशेने पिळते. तो ड्रॉपआउटमध्ये फिरला तर नट सैल होतात, वायर पिळवटून तुटते, चाकही निसटू शकतं. म्हणून टॉर्क आर्म (आस फिरू नये म्हणून त्याला फ्रेमशी किंवा फोर्कशी अडकवणारी पट्टी) बसवाच, आणि पहिल्या 50 किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा.

36 व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली की 42 व्होल्टवर जाते, म्हणून चार्जर 42 व्होल्टचाच हवा. सायकल महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी निम्मी भरून ठेवा.